पास फुकट, पण बिल कुणाच्या नावावर?

पुण्यात स्वारगेटला एसटीचं आणि शहर बससेवेचं, म्हणजे पीएमपीचं, स्थानक शेजारी-शेजारी आहे. पंचाहत्तरी ओलांडलेला पुणेकर एसटीत चढला, तर सातारा, कोल्हापूर, पार चंद्रपूरपर्यंत त्याला पैसे पडत नाहीत. ऑगस्ट 2022 पासून राज्य सरकारनं 75 वर्षांवरच्या ज्येष्ठांना एसटी मोफत केली आहे आणि 65 ते 75 या वयाला अर्धं तिकीट आहे. तोच माणूस घरून स्वारगेटपर्यंत पीएमपीनं येतो, तेव्हा मात्र खिशात हात घालतो. कोल्हापूर फुकट आणि स्वारगेटला वीस रुपये, असा हा हिशेब.

या हिशेबावर एका घरात झालेला वाद पुढे दिला आहे. मामा पंचाहत्तरी पार केलेले, पीएमपीच्या आधीच्या पीएमटीच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. भाची पंचेचाळिशीची. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे डाव्या पायाला कॅलिपर, आणि पर्समध्ये महापालिकेनं दिलेला दिव्यांगांचा मोफत पास. ज्यांचा फायदा होणार ते मामा विरोधात आणि जिला आधीच पास आहे ती भाची बाजूनं, अशी ही उलटी जोडी आहे.

भाची : मामा, ज्येष्ठ नागरिक संघाचं निवेदन आणलंय. एसटीसारखीच पीएमपीही 75 वर्षांवरच्यांना मोफत करा, एवढंच म्हणणं आहे. इथं सही करा.

मामा : चहा घे आधी. सही मी करणार नाही.

भाची : का? तुम्हाला तर सगळ्यात आधी मिळेल.

मामा : म्हणूनच. एसटीचं उदाहरण देतेस ना? एसटीच्या सवलतीमागे राज्य सरकार उभं आहे. ज्येष्ठ, विद्यार्थी, दिव्यांग, मार्च 2023 पासून अर्ध्या तिकिटात महिला, या सगळ्यांच्या सवलतीचे पैसे सरकारनं महामंडळाला भरून द्यायचे, असा तो व्यवहार आहे. पैसे उशिरा येतात, थकतात, ती गोष्ट वेगळी. पण देणं कुणाचं आहे ते कागदावर स्पष्ट आहे. तुमच्या निवेदनात ते कुठं लिहिलंय? ‘मोफत करावे’ एवढंच आहे. कुणाच्या पैशानं?

भाची : महापालिकेच्या. पीएमपी महापालिकेचीच आहे ना?

मामा : एकट्या पुण्याची नाही. 2007 साली पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र करून कंपनी केली. तुटीत पुण्याचा वाटा 60 टक्के, पिंपरी-चिंचवडचा 40. वर्षाची तूट सातशे कोटींच्या वर गेलीय. त्यात आणखी एक फुकट घाला म्हणताय.

भाची : हा ‘तूट’ शब्द बसच्याच वाट्याला का येतो, ते मला सांगा. चांदणी चौकात 865 कोटींचा पूल-रस्त्यांचा प्रकल्प झाला, ऑगस्ट 2023 मध्ये उद्घाटन झालं. त्यावरून जाणाऱ्या मोटारवाल्याकडून कुणी तिकीट घेतलं? ‘चांदणी चौक तोट्यात आहे’ अशी बातमी तुम्ही कधी वाचली? रस्ता बांधला तर तो विकास, आणि त्याच रस्त्यावर म्हातारी माणसं बसनं नेली तर तूट!

मामा : मुद्दा चांगला आहे. मी खात्यात असताना हेच साहेबांना सांगायचो. पण फरक ऐक. पूल एकदा बांधला की दुसऱ्या दिवशी त्याला पगार द्यावा लागत नाही. बसला रोज चालक-वाहकाचा पगार, सीएनजी किंवा वीज, टायर, ठेकेदाराचं किलोमीटरमागचं बिल. हे पैसे महिन्याच्या महिन्याला लागतात. ते आले नाहीत की पहिली गोष्ट काय होते, ठाऊक आहे? फेरी रद्द होते. आणि रद्द कुठली होते? दुपारची. म्हणजे तुम्हा-आम्हा लोकांची.

भाची : ती भीती खरी आहे. पण दुपारी अकरा ते चार गाडी अर्धी रिकामी धावते, तीही तुमच्याच खात्याची आकडेमोड. त्या रिकाम्या सीटवर मोफत आजी बसली, तर जास्तीचा खर्च किती येतो? चालक तोच, वाहक तोच, गाडी तीच.

मामा : दुपारी जवळजवळ काहीच नाही. सकाळी नऊच्या गर्दीत मात्र येतो. त्या वेळी एका फुकट प्रवाशामागे एक पैसे देणारा थांब्यावर राहतो. बरं, आता खरं कारण सांगतो, जे मी संघाच्या बैठकीत बोलणार नाही. फुकटचा प्रवासी नकोसा होतो.

भाची : हे मला कोण सांगतंय? मी तो प्रवासी आहे.

मामा : म्हणून तुलाच सांगतोय. कंडक्टरच्या डोक्यानं विचार कर. दिवसाच्या शेवटी डेपोत जाऊन भरणा करायचा. गाडी भरून आली आणि भरणा कमी निघाला, तर साहेब त्यालाच विचारणार. पासवाला त्याच्या दृष्टीनं जागा अडवणारा. आणि चालकाच्या दृष्टीनं थांब्यावर कुबडी घेऊन उभा असलेला माणूस म्हणजे वाया जाणारी दोन मिनिटं. हे लोक वाईट नाहीत. पण ज्याच्यामुळे हिशेबात काही जमा होत नाही, त्याच्यासाठी ब्रेकवर पाय जरा उशिरा पडतो. मी दहा रुपयांचं तिकीट काढतो ना, तेव्हा माझ्याकडे चार शब्द सुनावण्याचा अधिकार असतो.

भाची : तो अधिकार तुम्हाला दहा रुपयांनी दिला, असं वाटतं तुम्हाला? मग मी गप्प बसायचं का?

मामा : तसं म्हणालो नाही.

भाची : बोलण्याचा अर्थ तोच निघतो. मामा, तुमच्या म्हणण्यात अर्धं खरं आहे. पासवाल्याची नोंद होत नाही, म्हणून तो नकोसा होतो. मग नोंद करा! एसटीत पंचाहत्तरीच्या आजोबांना मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट देतात. दिल्लीत 2019 पासून महिलांना गुलाबी तिकीट देत आले. कर्नाटकात जून 2023 मध्ये शक्ती योजना आली, तिथंही शून्य रकमेचं तिकीट. ते तिकीट फाडलं की फेरीत किती माणसं आली ते दिसतं, आणि त्या आकड्यावर सरकारकडे बिल पाठवता येतं. कंडक्टरच्या मशीनमध्ये माझी फेरी ‘वसूल’ म्हणून दिसली, तर मी नकोशी कशी होईन?

मामा : हे निवेदनात आहे?

भाची : नाही.

मामा : मग लिही. पेन घे. ‘प्रत्येक मोफत प्रवासाचे शून्य मूल्याचे तिकीट द्यावे व त्या संख्येनुसार महापालिकेने दरमहा पैसे भरावेत.’ दरमहा हा शब्द अधोरेखित कर. वर्षअखेरीला ढोबळ रक्कम टाकून मोकळं होणं वेगळं. फेरीगणिक पैसे आले, तर पीएमपीलाच वाटेल की म्हातारी माणसं जास्त यावीत. इंग्लंडात काय करतात बघ. लंडनमध्ये 1973 पासून ज्येष्ठ आणि दिव्यांगांसाठी फ्रीडम पास आहे. त्याचे पैसे तिथल्या स्थानिक पालिका वाहतूक संस्थेला भरतात. पास देणारा एक आणि बस चालवणारा दुसरा, म्हणून बिल लपत नाही.

भाची : म्हणजे सही करणार?

मामा : इतक्यात नाही. मला सांग, 75 वर्षांवरच्या सगळ्यांना कशासाठी? आपल्या कोथरूडमध्ये बँकेतून, विद्यापीठातून, संरक्षण खात्यातून निवृत्त झालेले कितीतरी आहेत. पन्नास-पन्नास हजार पेन्शन आहे. मुलं अमेरिकेत. त्यांना वीस रुपये वाचवून काय करायचंय? ज्याला गरज आहे त्याला द्या.

भाची : गरज कशी मोजणार?

मामा : उत्पन्नाचा दाखला.

भाची : झालं! तहसील कार्यालयात रांग, तलाठ्याचा अहवाल, मग परत रांग. ज्या आजीला बसचे पैसे परवडत नाहीत, तिला त्या दाखल्यासाठी चार वेळा बसनं जावं लागेल. मी दिव्यांग प्रमाणपत्रासाठी हिंडलेय. फोटो, रहिवासी पुरावा, रुग्णालयात तपासणी, टक्केवारी, मग यूडीआयडी कार्ड. चाळीस टक्के अपंगत्व कागदावर सिद्ध व्हायला, कधी कधी चाळीस टक्के ताकद खर्च होते. वय सिद्ध करायला आधार कार्ड पुरतं. म्हणून वयाची अट सोपी आहे. श्रीमंत म्हातारे त्यात येतील, येऊ देत. ते तसेही रिक्षानं किंवा ओला-उबरनं जातात. बसला गर्दी त्यांची नसते.

मामा : आणि जे बसनं जातात, त्यांनी सवलत सोडायची सोय ठेवा. रेल्वेनं ठेवली होती, तिकीट काढताना विचारायचे.

भाची : ठेवा की. तुम्ही सोडा. पण रेल्वेचं नाव काढलंत तर पुढचंही सांगा. पुरुषांना 60 नंतर 40 टक्के, बायकांना 58 नंतर 50 टक्के सवलत होती. मार्च 2020 मध्ये करोना आला, सवलत बंद झाली. करोना गेला, सवलत परत आली नाही. मर्जीनं दिलेली गोष्ट मर्जीनं जाते. पीएमपीतही तेच. 2017 साली तुकाराम मुंढे अध्यक्ष असताना ज्येष्ठांच्या पासाचा दर एकदम वाढवला. आंदोलनं झाली, नंतर तो खाली आणावा लागला. म्हाताऱ्या माणसांनी दरवेळी मोर्चा काढायचा का?

मामा : त्या दरवाढीमागचं गणित चुकीचं नव्हतं.

भाची : गणित मला माहीत आहे. आता माझं गणित ऐका. ज्येष्ठांचा मासिक पास 500 रुपयांचा. 1 जून 2025 ला भाडं वाढलं, पाच रुपयांचं किमान तिकीट दहाचं झालं. सर्वसाधारण मासिक पास 900 वरून 1500 वर गेला. ज्येष्ठांचा 500 वरच ठेवला, हे चांगलं केलं. पण पास वसूल व्हायला किती फिरावं लागतं? जवळच्या टप्प्यात जाऊन-येऊन वीस रुपये, म्हणजे महिन्याचे पंचवीस दिवस. निवृत्त माणूस महिन्याला पंचवीस दिवस बसनं जातो का?

मामा : मी आठवड्यातून दोनदा. एकदा मंडई, एकदा दवाखाना किंवा कार्यक्रम.

भाची : म्हणजे महिन्यात आठ दिवस. पाच ते दहा किलोमीटरच्या टप्प्यात जाऊन-येऊन चाळीस, आठ दिवसांचे 320. तुम्हाला 500 चा पास काढून उपयोग नाही. मासिक पास हा रोज कामाला जाणाऱ्यासाठी आखलेला आहे. म्हातारपणी येणं-जाणं कधीमधी असतं. एसटीची अर्धी सवलत प्रत्येक तिकिटावर मिळते, म्हणून ती खेड्यातल्या आजीला कळते आणि लागू पडते.

मामा : हा मुद्दा मला पटला. 60 ते 75 वयाला प्रत्येक तिकिटावर अर्धी सवलत द्या, पास हवा त्याला पासही ठेवा. अर्ध्या तिकिटात माणसाचा मानही राहतो. 2021 साली पेठांमध्ये दहा रुपयांत दिवसभर फिरायची पुण्यदशम गाडी काढली होती. दहाची नोट दिली की काम झालं. थोडे का होईना, पैसे घ्यावेत. संपूर्ण फुकट म्हटलं की किंमत राहत नाही.

भाची : मान कुणाचा, तेही बघा. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंनी पंचाहत्तरी ओलांडलीय. जनता वसाहतीतून रोज दोन बस बदलून येतात. त्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभासद नाहीत. त्यांना सहल नाही, हास्यक्लब नाही. पुण्यात ज्येष्ठ म्हटलं की आपल्याला बागेत फिरणारे आजोबा दिसतात. हातात डबा घेऊन सकाळी सातला थांब्यावर उभी असलेली आजी दिसत नाही. श्रावणबाळ योजनेत महिन्याला 1500 रुपये मिळतात, तेही ज्यांचं मंजूर झालं त्यांना. त्यातला तिसरा हिस्सा बसच्या पासात घालायचा? ज्याला कारखान्याची ईपीएस पेन्शन किमान एक हजार मिळते, त्याची तर अर्धी पेन्शनच पासात गेली.

मामा : त्या ताईंसाठी मी लगेच सही करीन.

भाची : त्यांच्या कपाळावर ‘गरजू’ असा शिक्का मारून मगच पास द्यायचा, हे मला नको आहे. सगळ्यांना दिला तरच त्यांना तो मान वर करून वापरता येईल. निवृत्त प्राध्यापक आणि स्वयंपाकाच्या ताई एकच शून्य तिकीट घेऊन बसल्या, तर कंडक्टरला कुणाकडे वाकड्या नजरेनं बघता येणार नाही.

मामा : हं. पण मग वेळेचं काय? इंग्लंडात ज्येष्ठांचा मोफत पास कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊनंतर चालतो. नोकरदारांची गर्दी ओसरली की म्हाताऱ्यांनी निघायचं. सगळ्यांचंच भलं. नाहीतर चेन्नईसारखं करा. तिथं 2016 पासून साठीच्या पुढच्यांना महिन्याला दहा मोफत टोकन देतात. मर्यादा आली की खर्च मोजता येतो.

भाची : ताई सातला निघतात. साडेनऊची अट घातली तर सवलत पुन्हा बागेतल्या आजोबांनाच मिळणार. आणि सरकारी दवाखान्याची ओपीडी सकाळी लवकर सुरू होते. ससूनला नंबर लावायचा म्हणजे आठच्या आत तिथं हवं. टोकनाचा विचार मात्र वाईट नाही. दहा कमी आहेत, पण सुरुवात म्हणून चालेल.

मामा : इथं आपलं जमणार नाही. गर्दीच्या वेळी फुकट नको, हे माझं मत कायम.

भाची : आणि वेळेची अट नको, हे माझं. निवेदनात हा मुद्दा सोडून देऊ.

मामा : सोड. आता तुझ्या पासाबद्दल बोल. तुला तर फुकट मिळतं. काय फरक पडला?

भाची : नोकरी टिकली. स्वारगेटजवळ ऑफिस, रोज रिक्षा करायची म्हटलं तर पगाराचा मोठा तुकडा गेला असता. पास आल्यावर मी पहिल्यांदा कुणाला न विचारता, कुणी सोडायला येईल का याची वाट न बघता बाहेर पडायला लागले. तुमच्या हिशेबात ही रक्कम कुठं लिहायची, ते तुम्ही ठरवा. पण पास हातात आहे म्हणजे बस हातात आहे, असं नाही. पहिली पायरी गुडघ्याइतकी उंच असेल, तर मी पासवाली असूनही थांब्यावरच. गाडी फुटपाथपासून लांब उभी राहिली, तर आधी रस्त्यावर उतरायचं, मग चढायचं. व्हीलचेअरवाल्याला तर पासाचा उपयोग काय? बहुतेक गाड्यांत चढताच येत नाही.

मामा : बीआरटीत, म्हणजे फक्त बससाठी राखलेल्या मार्गिकेत, ती सोय होती. थांब्याचा फलाट आणि गाडीची फरशी एका पातळीवर. देशात पहिली बीआरटी 2006 च्या डिसेंबरात आपणच काढली, कात्रज-स्वारगेट-हडपसर.

भाची : आणि नगर रस्त्यावरची आपणच उखडली. मोटारींना जागा हवी म्हणून. ती मार्गिका गेली तेव्हा माझ्यासारख्यांचा चढण्याचा फलाटही गेला, ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा. त्यात 21 प्रकारचं अपंगत्व मानलं आहे, वाहतूक सुगम करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सुगमतेचे किमान नियम सक्तीचे हवेत, नुसत्या सूचना पुरणार नाहीत. पास हा त्याचा एक तुकडा. फुकट पास देऊन उंच पायरी तशीच ठेवली, तर ती जाहिरात झाली.

मामा : सोबतीचं काय? ज्याला एकट्यानं चढता येत नाही त्याचं?

भाची : एसटीत दिव्यांगांना 75 टक्के सवलत आहे, आणि अपंगत्व 65 टक्क्यांच्या वर असेल तर सोबत्याला 50 टक्के. शहरातही सोबत्याचा विचार हवा. ज्याला धरून चढवावं लागतं त्याला एकट्यालाच पास देणं म्हणजे अर्धाच पास देणं. आणि हद्दीचं काय? महापालिकेचा पास महापालिकेच्या हद्दीत राहणाऱ्याला. वाघोली 2021 साली हद्दीत आली. त्याआधीही पीएमपीची गाडी वाघोलीला जातच होती. तिथला आंधळा माणूस त्याच गाडीत बसायचा, पण तो पुणेकर नव्हता. आता फुरसुंगी आणि उरुळी देवाची महापालिकेतून बाहेर काढून वेगळी नगरपरिषद केली. तिथल्या माणसाचे डोळे किंवा पाय हद्दीबरोबर बदलतात का?

मामा : म्हणजे तू आता पीएमआरडीएला, महानगर प्रदेश विकास प्राधिकरणालाही बिलात ओढणार.

भाची : गाड्या त्यांच्या हद्दीत धावतात, तर बिलात त्यांनीही यावं. तुम्हीच म्हणालात, देणं कुणाचं ते कागदावर हवं.

मामा : बरोबर. आता मला पाटी-पेन्सिल दे. खर्च किती, ते सांगितल्याशिवाय कुठलंच निवेदन स्थायी समितीत टिकत नाही. समजा, हं, समजाच धर, की एक लाख ज्येष्ठ ही सवलत वापरतात. प्रत्येक जण महिन्याला दहा फेऱ्या. सरासरी तिकीट पंधरा रुपये. महिन्याचे दीड कोटी, वर्षाचे अठरा कोटी. सातशे कोटींच्या तुटीत अडीच टक्के. वापरणारे दुप्पट निघाले तर पाच टक्के.

भाची : म्हणजे पीएमपी बुडेल असं काही नाही.

मामा : याच्यानं बुडणार नाही. पण वर्षाचे हे अठरा कोटी दरमहा विभागून वेगळे न देता तुटीच्या ढिगात टाकले, तर बदनामी मात्र म्हाताऱ्यांची होईल. ‘फुकट्यांमुळे पीएमपी तोट्यात’ अशी बातमी येईल. म्हणून मी अडून बसलोय. सवलत तुटीतून नको, अंदाजपत्रकात तिच्या नावाची वेगळी तरतूद हवी. तुमच्या पासाचे पैसे महापालिका जशी वेगळे देते, तशी.

भाची : ‘ज्येष्ठ व दिव्यांग प्रवास प्रतिपूर्ती’ असं लेखाशीर्ष.

मामा : आता तू हिशेब खात्यात शोभतेस. लिही.

निवेदन त्या संध्याकाळी नव्यानं लिहिलं गेलं. मागण्या चारच राहिल्या. पंचाहत्तरीच्या पुढे पीएमपीत शून्य मूल्याचं तिकीट आणि 60 ते 75 वयाला प्रत्येक तिकिटावर अर्धी सवलत. दिव्यांगांच्या मोफत पासासोबत, गरज असेल तिथं सोबत्यालाही सवलत, आणि गाडी जाते तिथवर पास चालावा. या सगळ्याच्या प्रतिपूर्तीचं वेगळं लेखाशीर्ष, फेरीगणिक आणि दरमहा. आणि नव्यानं घेतली जाणारी प्रत्येक गाडी कुबडी आणि चाकाची खुर्ची घेऊन चढता येईल अशी. मामांनी सही केली. खाली कंसात ‘मी स्वतः पूर्ण तिकीट काढीन’ असं लिहिलं, आणि भाचीनं ते खोडलं नाही.

दोघांत जे राहून गेलं तेही सांगायला हवं. गर्दीच्या वेळी मोफत असावं की नसावं, यावर त्यांचं जमलं नाही, आणि तो प्रश्न सोपा नाही. सकाळच्या बसमध्ये जागा कमी आहे, म्हणून ती कुणी सोडायची असा वाद आपण म्हातारे आणि नोकरदार यांच्यात लावून देतो. दहा लाखांच्या आसपास लोक रोज पीएमपीनं फिरतात, आणि गाड्या दोन हजारांच्या आसपास आहेत. गाड्या वाढल्या तर या वादातला बराचसा जीव जाईल. गाड्या वाढल्या नाहीत तर मोफत पास आणि विकत तिकीट, दोन्ही घेऊन माणूस थांब्यावरच राहील.

या शहरानं 1950 साली सिल्व्हर ज्युबिली मोटर्स या खासगी कंपनीकडून बससेवा आपल्या हातात घेतली; शहराचं येणं-जाणं नफ्यावर सोडू नये, असा त्याचा अर्थ लावता येतो. त्या निर्णयाचा अर्थ आजही तोच आहे. ज्याच्याकडे दुचाकी नाही, चालवायचं वय उरलं नाही किंवा पायात बळ नाही, त्याला घरातून बाहेर काढणं हे बसचं पहिलं काम आहे. ते काम फुकट होत नाही, आणि त्याची रक्कम लपवण्याइतकी मोठीही नाही. पुढच्या वेळी नगरसेवक दारात आले आणि ‘ज्येष्ठांना मोफत बस देऊ’ म्हणाले, तर टाळ्या वाजवण्याआधी त्यांना दोन प्रश्न विचारा : पैसे कुठल्या लेखाशीर्षातून देणार, आणि पीएमपीला ते कुठल्या तारखेला मिळणार? दोन्हींचं उत्तर लेखी मिळालं, तरच मत द्या.